हंसपद

सूचनेचा कागद चोडणला आला
फेरीबोटीतून, पोस्टमनच्या थैलीत, दुपारच्या भरतीला.
वाहनतळ शुल्क दहा रुपये, न भरलेले.
दंड पाचशे.
पणजी, अठरा जून रस्ता, सकाळी अकरा चाळीस.
वाहनमालक : नरहरी कंकरे.

केंकरे. मात्रा गेली.
सवयीने खिशातलं लाल पेन निघालं.

एकतीस वर्षं दैनिकात रात्रपाळीचा मुद्रितशोधक मी.
मंत्र्यांच्या भाषणांतले ऱ्हस्व दीर्घ केले,
श्रद्धांजल्यांतली आडनावं सांभाळली,
एकदा पहिल्या पानावर 'मृत'चा 'अमृत' होता होता राहिला,
तो माझ्यामुळे.
सकाळी अकरा चाळीसला मी झोपलेला असतो.
स्कूटर जांभळाखाली,
सीटवर शेजाऱ्यांचं मांजर.
झोपेची पावती कोणी देत नाही
आणि मांजराला शपथ घालता येत नाही.

मग फोटो पाहिला, भिंग लावून,
निविदांचा बारीक टाइप पाहतो तसा.
शेवटचा आकडा इंग्रजी तीन,
असं यंत्राला वाटलं.
पण डाव्या अंगाला रंगाचे दोन पोपडे,
त्यांना जोडणारी पुसट कड.
आठ होता तो.
एक बाजू झिजली की आठाचा तीन होतो,
बिचाऱ्याचं तोंड उघडं पडतं.

सुटलो.
चहा टाकायला उठलो
आणि परत बसलो.

फोटोतल्या स्कूटरच्या हुकाला पिशवी होती,
पिशवीत डबे, एकावर एक,
वरच्या झाकणावर नेलपॉलिशने काढलेला 'न'.
तो न माझा.
रात्री आठला कचेरीच्या पायरीवर येतो,
सकाळी रिकामा परत जातो
हेमलता पार्सेकरबरोबर, सांतिनेजला.

महापालिकेत दुसरा मजला, रांग जिन्यापर्यंत.
उभ्या उभ्या भागाकार केला :
सत्तर रुपये डबा, पाचशेचे डबे सात,
बाकी दहा.
दहा म्हणजे नेमके तिने बुडवलेले.
बुडवले होते, हेही खरंच.

खिडकीत बार्रेटो. फोटो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला.
"सारकें. हो तीन न्हय.
मागीर खंयचो आंकडो?"
आणि एक अर्ज सरकवला :
चुकीचा क्रमांक.
योग्य क्रमांक (माहीत असल्यास).

माहीत असल्यास.

नवीन पोरांना मीच शिकवत आलो :
नुसतं खोडू नका रे, ओळीत भोक पडतं.
चूक काढली की हंसपद द्यायचं,
समासात बरोबर अक्षर लिहायचं,
नाहीतर तुमचा उपयोग काय.

मी तीन खोडला.
खाली हंसपद काढलं, सुबक, दोन्ही पाय सारखे.
वर काही लिहिलं नाही.

"हें रितें उरलां," बार्रेटो म्हणाला.
"मूळ प्रत अस्पष्ट," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग फोटोतल्या डब्यांकडे जरा जास्त वेळ,
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती.
शिक्का उचलून हाणला :
क्रमांक अवाचनिय.
नि ऱ्हस्व.
पेन खिशातच राहिलं.

रात्री आठला डबा आला.
सुंगटांच्या हुमणात मीठ चढलेलं.
एका पायावर स्कूटर तोलत, इंजिन चालूच ठेवून तिने विचारलं,
"केंकरेबाब, काल कसं झालेलं?"
"बरोबर," मी म्हणालो.

ती वळली. मागच्या लाल दिव्यात
प्लेटीवर अजून तीनच.
म्हणजे पुढचा कागदही चोडणलाच येणार,
भरतीला, मात्रा गाळून.

"हेमलता, थांब जरा," मी पायऱ्या उतरलो,
"ते नेलपॉलिश
उरलंय का गो थोडं?"