सातनंतरची हवा

वर्गातल्या बाकीच्यांना इमारतीचा चेहरा काढायचा असतो.
मी छताच्या वर बघते.
फॉल्स सीलिंगची एक फरशी सरकवली
की साडेचारशे मिलिमीटरचा अंधार.
त्यात तुळया, केबलचे ट्रे, आग विझवायचे पाइप,
आणि उरेल त्या फटीतून न्यायची माझी हवा.

खळदकर सर म्हणतात, हे खातं कुणाला दिसत नाही.
नीट चाललं तर कुणी नाव घेत नाही,
बिघडलं तर पहिला फोन तुला.
म्हणजे लादी पुसण्यासारखंच, मला वाटलं.
बोलले नाही.

खराडीच्या साइटवर मुश्ताकभाई डक्ट बसवतात.
जाळीपाशी टिश्यूची पट्टी धरून उभे राहतात.
मीटर माझ्या हातात,
तरी मीही पट्टीकडेच बघते.
"हवेला काटकोन आवडत नाही, बेटा.
कोपऱ्यात ढकललीस तर जन्मभर कुरकुरेल."
मी वहीत उतरवून घेतलं,
खाली तारीख टाकली.

तक्त्यात माणूस म्हणजे उष्णता.
खुर्चीत बसून टाइप करणारा: एकशे तीस वॅट.
नाचणाऱ्याला ओळ आहे,
जिममध्ये घाम गाळणाऱ्याला आहे.
सहावा मजला, दोनशे चाळीस खुर्च्या,
पश्चिमेची काच, मे महिना, दुपारचे चार,
बाहेर चाळीस.
मी गुणाकार करत जाते
वडगावशेरीच्या आमच्या खोलीत, पत्र्याखाली,
जिथला पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा वाढतो
कालच्या भाकरीसारखी.

मग वेळापत्रकाचा रकाना येतो.
नऊ ते सात: एक.
सातनंतर: शून्य.
चिलर झोपतो, झडपा मिटतात,
इमारतीत कुणी नाही असं धरायचं.

आई त्याच रस्त्यावरच्या, तशाच एका इमारतीत
साडेसातला कार्ड दाबते.
चौघीजणी, तीन मजले, अकरापर्यंत.
"दिवसा गारेगार असतं म्हणे," ती सांगते.
"आम्ही जातो तेव्हा काच अजून तव्यासारखी.
आणि खिडकी उघडावी म्हटलं
तर खिडकीच नाही."
फिनेलचा वास तिच्या ओढणीतून घरी येतो.
तिथून बाहेर पडायला
त्याला दुसरी वाट नसते.

मी शून्य खोडलं.
चार लिहिलं.
चार माणसं, उभी, वाकलेली, बादलीसकट.
स्वच्छतागृहाच्या मागे एक छोटा पंखा काढला,
ताज्या हवेला एक बारीक वाट,
आणि दाराशेजारी वेगळं बटण,
खांद्याच्या उंचीवर. कुणाच्या खांद्याच्या
ते ड्रॉइंगवर लिहायची पद्धत नाही.

सरांचं लाल पेन थांबलं.
"हे चार कोण?"
"रात्रीच्या, सर."
"क्लायंट विचारेल, वीज किती."
"चहाच्या किटलीपेक्षा कमी."
सरांनी चष्मा वर केला, खाली केला,
पान उलटलं.
मंजूर झालं की राहून गेलं, अजून कळलेलं नाही.

गुरुवारी बाणेरला मुलाखत आहे.
विचारतील, एवढं बांधकाम शिकून
पाइप आणि पंख्यांत का जायचंय?
उत्तर तयार आहे, ऊर्जाबचत वगैरे.
आरशासमोर इंग्रजीत तीनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा माझाच विश्वास बसेना.

पावणेबाराला आई येते, चप्पल काढते,
पंख्याखाली पाय पसरून बसते.
टिश्यू नाही, म्हणून मी वहीच्या कागदाची
एक पट्टी फाडते
आणि तिच्या डोक्यावर धरते.
"काय गं हे?"
हलते का बघतेय.
"हलतेय की," मान वर न करता ती म्हणते.
"जेवलीस का, रेवू?"