तिसरा ठोका

हाउकियार्वी तळ्यावर बर्फ हातभर जाड झालाय.
लेम्पी काठाशी आडवी पडते,
टोपी वर सारते, कान बर्फाला लावते.
किलोमीटरभर आत, मोहरीएवढा दिसणारा
तिचा दीर तावेत्ती पहार उचलतो.

पहार पडते, ते डोळ्यांना तत्क्षणी कळतं.
उजेडाला वाटेत हवा असली काय, नसली काय.
मग बर्फातून येतो ठोका,
पापणी लवते न लवते तोच, थेट गालाच्या हाडात.
आणि तोच ठोका हवेतून, सावकाश:
एक, दोन, तीन, वर जरासं.
इतक्या गारठ्यात हवेचेही पाय जड होतात,
कणाने कणाच्या पाठीत ढोसायचं,
तोंडोतोंडी निरोप न्यायचा,
वेळ लागणारच.
तोवर पहार पुन्हा वर.
ठोका ऐकू येतो तेव्हा
तो मारणारा हात आभाळात असतो.

एक घाव, तीनदा पोचलेला.
नवी नवरी होती तेव्हा
लेम्पी याला भुताटकी म्हणायची.

दोन ठोके म्हणजे मासा लागला.
तीन म्हणजे ये.

आज तीन वाजताच अंधारलं, भुरभुर सुरू झाली.
तिकडचा कंदील आधी पिवळा होता,
मग नुसता डाग,
मग प्रत्येक भुरभुरत्या कणाने
त्याचा उजेड थोडा थोडा भलतीकडे उधळला
आणि इकडे यायला काही उरलंच नाही.
कान तेवढा राहिला.

ठक्.
ठक्.
मग बऱ्याच वेळाने तिसरा,
चिमणीसारखा बारीक निघालेला
आणि उतरत, उतरत
रिकाम्या पिंपासारखा घुमलेला.
लेम्पीने तोही मोजला.

घसरगाडीवर थर्मास, घोंगडी, दोर.
अर्ध्या तासाने कंदील पुन्हा सापडला,
बादलीवर बसलेला तावेत्ती, पायाशी दोन मासे.

"का आलीस?"
"तीन ऐकले."
"मी दोनच मारले."

दोघं गप्प.
तेवढ्यात पायाखालून परत तीच तान.
बर्फ कुठेतरी लांब तडकला होता.
त्याच्या अंगातून बारीक सूर पुढे पळतात,
जाडे मागून रखडत येतात,
एका तड्याची मग एवढी लांबण होते.

"तळ्यानं बोलावलं तुला," तावेत्ती म्हणाला.
"बरं झालं. माझी कॉफी संपली होती."

लेम्पीने कप भरला, त्याला दिला,
आणि उभी राहिली
एक पाय तड्याच्या अलीकडे,
एक पलीकडे.