आयत्या वेळचे विषय

गनेट टिकल, न्यूफाउंडलंड. लोकसंख्या दोनशे चौदा.
मे महिन्यात एकाची भर पडली, ती पुढे येईलच.

मी इथली कारकून.
सभा आता फोनवर भरते,
गणसंख्या मी आवाजांवरून मोजते:
महापौर लिअँडर खाकरतो
(चुलीचा धूर, असं लगेच सांगतो),
हेडलीची किटली शिट्टी घालते,
रोलंड आकडे पुटपुटतो,
आणि एफी बकलचा कुत्रा हजर
म्हणजे एफी हजर.

विषय एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
विषय दोन. पुलावर अडसर.
गावात येतो एकच रस्ता,
त्याला दोन पिंपं आणि एक फळी पुरे.
बाहेरून येईल त्यानं चौदा दिवस दार लावून राहावं.
सूचक हेडली, अनुमोदक रोलंड.
एफी काहीच बोलली नाही.
मौन म्हणजे संमती, असं धरून
मी लिहिलं : एकमताने.
नंतर कळलं, ती दोनदा नाही म्हणाली होती.
आवाजाचं बटण बंद राहिलं होतं.

शुक्रवारी रात्री हेडलीचा फोन. पहारा त्याचा.
"ऊना, अल्बर्टाची नंबरप्लेट आहे.
आत तुझा भाऊ."
मागे वाऱ्यात फळी करकरत होती.
"त्याला ठराव वाचून दाखवला मी.
म्हणतो, मसुदा चांगलाय, बहिणीचा वाटतो."

गार्लंड.
तेलविहिरींवरून कमी केलेला,
सात रात्री गाडीत झोपून आलेला.
माझ्या घरी अर्ल, एका फुप्फुसावर जगणारा.
आईचं घर आम्हीच विकलं, त्याला नऊ वर्षं झाली,
आणि विकताना गार्लंडला विचारलं होतं का
ते मला आठवेना.

रात्री अकराला तातडीची सभा.
नोटीस नाही, विषयपत्रिका नाही.
एफी बोलली, या वेळी बटण तपासून:
"कौन्सिलची खोली रिकामीच आहे की.
आपण घरी बसून कारभार करतोय,
त्यानं कारभारात बसून घर करावं."

मग जुन्या महापौरांच्या तसबिरींखाली खाट,
शिक्क्यांच्या डब्याशेजारी दाढीचा ब्रश.
आणि ज्याला गावात कुणाला भेटायची मुभा नाही
तोच गावाचा फोन उचलायला लागला.
पाण्याला क्लोरीनचा वास येतो. लिहून घेतलं.
कचऱ्याची गाडी आलीच नाही. लिहून घेतलं.
मिसेस कीपिंग रोज तीन वाजता,
तक्रार अशी नव्हती तिची,
बिंगो कधी सुरू होणार एवढंच,
आणि मग तासभर नवऱ्याचा गुडघा,
नवरा जाऊन चार वर्षं झालेली.
लिहून घेतलं.

मी पायरीवर ताट ठेवायची, मागे सरायची.
खाडीत बर्फ अजून एकमेकांवर घासत होता.
काचेपलीकडून तो काही म्हणायचा,
मी काही म्हणायची.

पंधराव्या दिवशी किल्ली खिळ्यावर,
खोली झाडलेली.
आवक-जावक नोंदवहीत त्याचं अक्षर,
शाळेत होतं तसंच, उतारावर धावणारं.
पाणी. कचरा. बिंगो. गुडघा.
आणि रोज संध्याकाळी एक नोंद:

सात दहा. बहीण आली. बोलली.
ऐकू आलं नाही. मान हलवली.

सात पाच. बहीण. बटाटे, कॉड मासा.
मान हलवली.

सात चाळीस. बहीण उशिरा. अर्लला बरं नसावं.
विचारलं. तिनं मान हलवली.

पुढच्या सभेत मी वही वाचायला घेतली.
हे नियमात कुठे बसतं, ठाऊक नव्हतं,
म्हणून आयत्या वेळचे विषय, या सदरात.
वाचून झालं.
लिअँडर खाकरला नाही.
किटली हेडलीनं आधीच उतरवली असावी.
कायम करायचं का, मी विचारलं.
कुत्रा एकदा भुंकला.
एफी, मी म्हटलं,
तुझ्या तोंडून ऐकू दे.