शंभर मिली

पडद्याच्या दांडीला पिशवी टांगली आहे.
आधी तिथे माझा एकुलता एक चांगला कोट असायचा.
नळीची चक्री सैल केली की मी रेघा वाचत बसते:
सातशे. सहाशे ऐंशी. सहाशे साठ.
मिशमिश खांद्यांमध्ये सुई घेऊन टॉवेलात बसलेली,
टपालकचेरीत नंबराची वाट पाहणाऱ्या बाईसारखी.

मिशमिश म्हणजे जर्दाळू. रंगही तोच.
झाहलेमध्ये दर तिसऱ्या पिवळ्या मांजराचं हेच नाव.
इथे हॅलिफॅक्समध्ये
अक्षरं सुटी करून द्यावी लागतात.
दवाखान्यातल्या पोरीने फाइलवर लिहिलं: मिशमिश शलहूब.
या देशात माझं आडनाव
पहिल्यांदा बरोबर लिहिलं गेलं ते असं.

विमानतळावर तिचं काम चार मिनिटांत झालं.
एक लस, एक शिक्का, वेलकम, स्वीटहार्ट.
मला आतल्या खोलीत बसवलं दोन तास.
ती पिंजऱ्यातून बघत होती,
जणू मला जामीन तीच राहणार होती.

दुसऱ्या हिवाळ्यात ती पाणी प्यायला लागली.
वाडग्यातलं, फुलदाणीतलं, न्हाणीच्या फरशीवरचं,
माझ्या बुटांखाली वितळलेल्या बर्फाचंसुद्धा,
ज्यात रस्त्यावरचं मीठ असतं.
पाठीचे मणके हाताला लागू लागले.
डॉक्टर मॅकायझॅक म्हणाले, मूत्रपिंडं. वय बारा.
प्रवासाचा काही संबंध नाही.
हे त्यांनी दोनदा सांगितलं, मी न विचारता.
मी तेव्हा विमानाच्या पोटातले चौदा तास मोजत होते
आणि पिंजऱ्यातून कोरडंच निघालेलं फडकं.

आई फोनवर म्हणाली, तिला पाणी बाधलं तिथलं.
पाणी कसं बाधेल, आई, तळ्याचं आहे, गाळलेलं.
मग तुला मानवलं?
मानवलं, म्हटलं.
म्हटलं, आवाज तुटतोय तुझा.

पहिल्या वेळी सुई आरपार गेली.
शंभर मिली माझ्या बाहीत.
वरच्या मजल्यावरून मर्डॉकला बोलावलं,
चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढलेला माणूस.
तो हसला नाही. म्हणाला,
कातडी तंबूसारखी उचल आणि दारातून आत जा,
मागच्या भिंतीतून बाहेर पडू नकोस.
त्याला मी द्राक्षपानांच्या गुंडाळ्या दिल्या.
त्याने त्या केचपशी खाल्ल्या, सगळ्या.
तो तिला पुस-पुस म्हणतो.
ती त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही.

सुई टोचता येते का तुला, आईने विचारलं.
शिकले.
माझी साखरेची सुई खालचा तोनी देतो रोज,
हात हलका आहे पोराचा.
काळजी करू नकोस.
त्यानंतर आम्ही बराच वेळ
मांजराबद्दलच बोलत राहिलो.
मग तिने तिकडून बिस्स-बिस्स केलं,
ओठ पुढे काढून, अंगणातल्यासारखं,
आणि मिशमिश उठली,
काचेला नाक लावलं,
फोनच्या मागे जाऊन पाहिलं.
तिथे साखरेचा डबा होता.

सहाशे. चक्री बंद.
सुई काढून भोक बोटाने दाबायचं, तीस आकडे.
मी अरबीत मोजते, इंग्रजीत तीस फार लवकर येतात.
तिच्या खांद्यावर पाण्याचं वशिंड आलंय.
सकाळपर्यंत ते ओघळून पुढच्या एका पायात उतरेल
आणि ती घरभर हिंडेल,
एकाच पायात बूट घातल्यासारखी.

पिशवी अजून सहा वेळा पुरेल.
दवाखान्यातल्या पोरीने विचारलं,
पुढची मागवायची का, की थांबू या जरा?
तिला वाईट वाटू नये असं विचारता येत नव्हतं.
बाहेर भोंगा वाजत होता, बंदरावर धुकं होतं.
दोन मागवा, म्हटलं.