मीठ चुकलंय, पान एकशे सेहेचाळीस

या महिन्यात तीन झाल्या.

पहिली दिवाणखान्यात सुरू होते, दिवाणखान्यातच संपते.
नवरा-बायको चारशे पानं बोलत राहतात
आणि एकदाही कुणी गॅस बंद करायला उठत नाही.
मी उठले. दूध गेलंच होतं उतू.

दुसरीतला खुनी नव्वदाव्या पानावरच कळला.
तरी वाचत राहिले, त्या फौजदारासाठी.
त्याच्या आईला कमी ऐकू येतं,
म्हणून तो घरात प्रत्येक वाक्य दोनदा बोलतो,
दुसऱ्यांदा जरा खरं.

तिसरी परत करायला गेले
तेव्हा कोपरखैरण्याच्या वाचनालयात गोडांबे म्हणाले, कशी वाटली?
म्हटलं, मीठ चुकलंय.
त्यांना वाटलं, अळणी म्हणतेय.

नाही हो.
लेखकानं भर श्रावणात बापाला मीठ ओढायला लावलंय!
श्रावणात आगरात काय असतं?
गुडघाभर पाणी, आणि बांधावर बसलेला बगळा.
मीठ चैत्र-वैशाखातलं,
डोळे किलकिले करूनच बघायचं असतं त्याच्याकडे.
मला कोण शिकवणार?
घणसोलीत आता जिथे मोबाइलचं दुकान आहे
तिथे आमचे वाफे होते.
साडेबारा टक्क्यांची फाइल काखेत मारून
माझा बाप, हसुराम, एकवीस वर्षं
बेलापूरचे जिने चढला.

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, कळतं मला.
तरी समासात पेन्सिल दाबून लिहिलं:
चूक. कुणाला तरी विचारायचं होतंत.

मग रागारागानंच पुढे वाचलं.
दोनशे तिसऱ्या पानावर तो बाप जेवायला बसतो.
आमटी अळणी आहे.
सगळे एकमेकांकडे बघतात, बरणी फिरते,
तो एकटा मागत नाही.
भात कालवतो, खातो, उठतो.
का, ते लेखक सांगत नाही.
पुढच्या ओळीत कुणाचं तरी लग्न ठरतं.

मी तिथेच थांबले. पुस्तक पालथं ठेवलं.
आमचाही मागायचा नाही.
आई म्हणायची, याच्या जिभेला काही कळतच नाही.
मला वाटायचं,
ही गोष्ट आमच्या चार भिंतींतली,
बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही.

आणि हा कोण कुठला, श्रावणात मीठ पिकवणारा,
याला कुणी सांगितलं?

गोडांबे शिक्का हातात धरून उभे.
म्हटलं, परत माझ्याच नावावर टाका.
ते म्हणाले, अहो, चुकलंय म्हणालात ना?
म्हटलं, हो, महिना चुकलाय.

संध्याकाळी एका हातात पुस्तक धरून आमटी केली.
पोरानं पहिल्याच घासाला बरणी मागितली.
दिली.
स्वतः तशीच जेवले, दोनशे तिसरं पान उघडं ठेवून,
आमटीचा एक थेंब पडला त्यावर.
गोडांबे दंड लावतील.