स्कोप

जेलरोडला, दातांच्या दवाखान्याच्या वर, माझा क्लास.
खाली ड्रिल सुरू झालं की वर क्रियापदं थांबतात.
आठ खुर्च्या, एक फळा,
आणि गेली नऊ वर्षं एकच प्रश्न,
चप्पल काढता काढता विचारलेला :
"मॅडम, जपानीला स्कोप आहे का?"

पगारकाकांनीही तेच विचारलं.
आडनाव पगार आणि चौकशीही पगाराचीच,
हा विनोद त्यांनीच करून टाकला, मी हसायच्या आत.
नोटांच्या प्रेसमध्ये तेहतीस वर्षं.
"करोडो मोजल्या हो. घरी नेली एकही नाही."
शेजारी मुलगी. प्रणोती. नर्सिंग झालेलं,
द्वारकेजवळच्या हॉस्पिटलात रात्रपाळी, अकरा हजार.

मी सांगितलं, जे सगळ्यांना सांगते :
अंबडच्या एखाद्या कंपनीत जपानी साहेब येतात,
तेव्हा तीन दिवसांपुरता दुभाषा लागतो,
चौथ्या दिवशी त्याला गेटवर कोणी ओळखत नाही.
पुण्यात मॅन्युअलं मिळतात, पानामागे पैसे,
पण हल्ली भाषांतर आधी मशीन करतं,
माणूस चुका वेचतो, तांदळातले खडे वेचावेत तशा.
आणि तिकडे म्हातारी माणसं आहेत.
खूप आहेत.
त्यांना उठवायला, पुसायला हात लागतात,
आणि हातांना भाषा लागते.

"म्हणजे आहे," काका म्हणाले.
मी म्हटलं, त्यांचं आपल्यासारखंच आहे,
क्रियापद शेवटी येतं.
तोवर होकार की नकार, कळत नाही.

पहिल्या महिन्यात मोजणी.
लांब वस्तू वेगळ्या मोजायच्या, चपट्या वेगळ्या.
कागद, ताटली, नोट : इचिमाई, निमाई, सानमाई.
दुसऱ्या दिवशी प्रणोती सांगत होती,
बाबा रात्री रद्दी मोजत बसले होते
माई-माई करत.

पाठांतराला घरी माणूस लागतो.
ती वाकून विचारायची,
हिझा गा इताई देस का?
गुडघे दुखतात का?
ते पुस्तकातलं उत्तर द्यायचे : हाई.
मग मराठीत : "खरंच दुखतात गं."

मुलाखत लॅपटॉपवर, माझ्याच फळ्यासमोर.
छंद, स्वभाव, आवडता ऋतू, सगळं घोकून झालेलं.
पडद्यावरच्या बाईंनी मात्र विचारलं,
घरी कोण असतं?
"चिची गा," प्रणोती म्हणाली, वडील,
आणि वाक्य कर्त्यापाशीच उभं राहिलं.
याचं उत्तर मी शिकवलंच नव्हतं.
बाई थांबल्या. घाई केली नाही.
मग तीच बोलली, हळू पण नीट :
हिझा गा इताई देस.

पत्र आलं. नागोयाच्या पुढचं कुठलंसं गाव.
काकांनी ते दोनदा वाचलं, वाचता येत नसताना.
मग अंगठा जिभेला लावून, जुन्या सवयीने,
कडा मोजल्या.
"निमाई," म्हणाले. "दोनच पानं?"

आता मंगळवारी मागच्या खुर्चीत ते बसतात.
फी भरली आहे, पावतीही मागून घेतली.
काका, तुम्हाला कशाला हे?
स्कोपचं नाव काढलं नाही त्यांनी.
म्हणाले, "फोन लावला की तिथल्या कोणाला तरी
विचारता यावं, की आमची प्रणोती तिकडे..."

खाली ड्रिल सुरू झालं.
क्रियापद मला ऐकू आलं नाही.