एक अनुस्वार जास्त

नोटीस दारावर चिकटवली तेव्हा
मी आधी अक्षरं पाहिली, मजकूर नंतर.
तीस वर्षांची खोड.
धुळ्यात पाचव्या गल्लीत माझा छापखाना:
लग्नपत्रिका, गंधमुक्तीची कार्डं, पतपेढ्यांची पासबुकं.
आणि माझ्याच नावात चूक,
हिरामण दंगा बाविस्कर.

बापाचं नाव दगा.
आमच्याकडे ठेवतात तसं,
आधीची दोन गेलेली असली की, काळाला चकवायला.
खिशातला लाल पेन काढून
मी अनुस्वाराभोवती गोल केला.
मग खाली वाचलं.
साठ दिवस. राहतं घर. चतुःसीमा:
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस सोनजे यांची भिंत,
दक्षिणेस बोळ, उत्तरेस गटार.
माझ्या घराला चार बाजू आहेत
हे मला बँकेनं सांगितलं.

पारोळा रोडला काचेची केबिन.
भिंतीवर हसणारं कुटुंब, कुठलं कोण जाणे.
'काळजीच सोडा, बाविस्करसाहेब.'
माझा लाल गोल पाहून तो खुर्चीतून उठलाच.
'नावात चूक! उडाली म्हणा नोटीस.
पंचवीस हजार. आणि या तीन कागदांवर सही.'

कागद कोरे होते.
कोरे कागद मी रिमांनी पाहिलेत.
त्यांवर नंतर काहीही छापता येतं
हे माझ्याइतकं कोणाला माहीत?
तरी पेन हातात घेतला होता.
सांगायला लाज वाटते, म्हणून सांगतो.
तेवढ्यात लाइट गेली, एसी थांबला,
त्याच्याही कपाळाला घाम फुटला.
उद्या येतो म्हणालो
आणि जिना उतरलो.

बाइंडर अख्तर म्हणाला, देवपुरात सैंदाणेबाई आहेत,
कोर्टाच्या नकला विभागात छत्तीस वर्षं काढलेल्या.
बाई ओट्यावर अंबाडी निवडत होत्या.
नोटीस दोनदा वाचली,
उलटी करून कोरी बाजूही पाहिली.
'अनुस्वारानं घर वाचत नसतं, भाऊ.'

इतकं वाईट इतक्या शांतपणे
कोणी सांगितलं नव्हतं.
मला बरं वाटलं.

'हप्ते किती चुकले?'
सात.
बाई नुसत्या बघत राहिल्या.
अकरा.
मग मी विचारलं, व्याज तरी बरोबर लावलंय का?
'माले नही माहीत. पन ईचारीसन सांगसू.'

महिनाभरात भेटलेल्या प्रत्येकाला
सगळं माहीत होतं.

म्हणाल्या, उत्तर लेखी द्या, पोच घ्या.
कोर्टाच्या आवारात फुकट सल्ल्याचं दालन आहे,
तिथं कोणी पैसे मागितले तर मला येऊन सांगा.
फी विचारली
तर अंबाडीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.
निवडता निवडता म्हणाल्या,
'घरात कोणाला माहीत आहे?'
मी देठं मोडत राहिलो.

रात्री कळण्याच्या भाकरीशेजारी
नोटीस ठेवली.
मथुरा सातवी शिकलेली, बोट ठेवून वाचते.
बोट एका जागी अडलं.
'मामंजींच्या नावावर टिंब कशाला?'
मग पुढे सरकलं, शेवटपर्यंत गेलं.
'साठातले किती गेले?'
तेवीस.
भाकरी गार झाली.
'मशीन विकलं तर किती येतील?'
त्या मशीनवर आमचीच पत्रिका छापली होती.
मी आकडा सांगितला.
तिनं तो कॅलेंडरच्या मागे लिहिला,
खाली बरीच जागा सोडून.

बुधवारी दोघं बँकेत गेलो.
उत्तर मीच जुळवलेलं,
तीन प्रुफं तिनं तपासलेली.
पलीकडचा पोरगा म्हणाला, ठेवून जा, पोच देत नाही आम्ही.
मथुरा खुर्ची ओढून बसली.
पिशवीतून सुई-दोरा काढला
आणि माझ्या शर्टाचं बटण लावू लागली, अंगावरच.

साडेबाराला शिक्का मिळाला.
तिरका. शाई फिकी.
माझ्या दुकानात असा कागद मी
रद्दीत टाकला असता.

तारीख मात्र वाचता येते.